म्यानमार सीमेवर पहिली पोस्टिंग? या चुका टाळा

ईशान्येतली नोकरी संपवून गावी आलो, तरी तिकडे निघालेल्या पोरांचे फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "कुंपण कधी पुरं होणार?" 1,643 किलोमीटरची सीमा आहे, सगळा डोंगर आणि जंगल. कुंपण होईल तेव्हा होईल, तुमची गस्त उद्यापासून आहे.

पूर्वी दोन्हीकडचे लोक 16 किलोमीटर आतपर्यंत व्हिसाशिवाय येत-जात. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ही मोकळीक बंद करणार असं जाहीर केलं आणि वर्षअखेरीस 10 किलोमीटर, सात दिवस आणि पास असा नियम आला. पण नागालँडच्या लोंगवा गावात आंगच्या, म्हणजे राजाच्या, घरातूनच सीमा जाते. तिथे नवा नियम दाखवून पहिल्याच दिवशी आवाज चढवू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गावाला न सांगता वाट बंद करणं. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली. आमच्या पोस्टवर नुकत्याच आलेल्या एका हुशार पोरानं रातोरात पायवाटेवर तार ओढली. गावबुढ्याला, म्हणजे गावच्या मुखियाला, कुणीच सांगितलं नाही. पलीकडच्या उतारावर निम्म्या गावाची झूमची, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेतं, त्यात पेरणीचे दिवस. सकाळी टोपल्या घेऊन आलेल्या बायका तारेपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. कुणी भांडलं नाही. एरवी जंगलात अनोळखी माणूस दिसला की संध्याकाळपर्यंत पोस्टवर खबर यायची, ती त्या दिवसापासून थांबली. पुढे रात्री ओढ्याच्या अंगानं तस्करीची ओझी जायला लागली. आम्हाला ते कळलं ऑक्टोबरात, गावबुढ्याच्या चुलीशी लाल चहा घेत कितीतरी संध्याकाळी बसल्यावर. मी तिथे हवालदार होतो. तार ओढली त्या रात्री त्या पोराला थांबवणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी वही ठेवायचो. कुणाचं शेत पलीकडे, कुणाची मुलगी तिकडे दिली, कोण आजारी. पहिल्या पंधरा दिवसांत, पायी फिरून. नव्या पोरांना हे काम कंटाळवाणं वाटतं, त्यांना ड्रोन हवा असतो. ड्रोनमधून माणूस दिसतो, तो कुणाचा जावई ते दिसत नाही.

दुसरी चूक जप्तीतली. साबणाच्या डब्यात हेरॉईन सापडलं की आधी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची घाई. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडतीचा हक्क आहे हे त्या माणसाला सांगावंच लागतं. ते राहिलं की कोर्टात केस ढासळते. वजन, सील, पंच सगळं जागेवर उरका आणि माल लगेच पोलिसांकडे द्या. गुन्हा तेच नोंदवतात.

भाषेचंही बघा: नागालँडमध्ये चालणारी नागामीज बोली मिझोराममध्ये कामाची नाही.

2021 च्या लष्करी उठावापासून पलीकडून बायका-मुलं जीव वाचवायला येतात. त्यांना आधी पाणी द्या, मग नावं लिहा.

आणि बदली झाली की ती वही नव्या माणसाच्या हातात द्या, निदान तीन घरांत त्याला स्वतः घेऊन जा.