आजारातून सावरताना दिव्यांग पार्किंगसाठी अर्ज: मुंबईतील रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी

पक्षाघात, मणक्याची मोठी शस्त्रक्रिया, हाडाचा कर्करोग किंवा जीबीएस (नसांवर हल्ला होऊन हातपाय दुबळे पडणारा गियाँ-बारे सिंड्रोम) अशा आजारातून उठलेल्या माणसाला घरी आणल्यानंतर खरी अडचण सुरू होते ती चालण्याच्या अंतराची. फिजिओथेरपी, फेरतपासणी, बँकेतील सही अशा कामांसाठी बाहेर पडावेच लागते, आणि मुंबईत गाडी दाराशी उभी राहील याची खात्री नसल्याने ज्याला वीस पावले टाकतानाही आधार लागतो त्याला दोनशे पावले चालावे लागते. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेली पार्किंगची जागा याच अडचणीसाठी असते. मात्र ती वापरण्याचा हक्क आजाराच्या फाईलवरून मिळत नाही, त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचे दिव्यांग ओळखपत्र, जवळ असणे आवश्यक आहे. गाडीच्या काचेवर लावायच्या स्टिकरची चौकशी करत फिरण्याऐवजी या कार्डाच्या अर्जापासून सुरुवात करावी, कारण मॉलमधला सुरक्षारक्षक असो वा सोसायटीचा सचिव, कागद मागितला तर दाखवण्याजोगी ओळख हीच आहे. बाजारात मिळणारे व्हीलचेअरच्या चिन्हाचे स्टिकर गाडी ओळखू यावी म्हणून जरूर लावावे, पण त्याने हक्क सिद्ध होत नाही.

अनेक कुटुंबे इथेच अडखळतात. आपला माणूस बरा होणार आहे, मग त्याच्या नावावर दिव्यांगत्वाचा दाखला कशाला, असे त्यांना वाटते. ही भावना समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे सर्वांत कठीण महिने विनाआधार जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खालील नियमांत दोन प्रकारची प्रमाणपत्रे आहेत: स्थितीत बदल होण्याची शक्यता नसेल तर कायमस्वरूपी, आणि बदल होण्याची शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचे. सावरत असलेल्या रुग्णासाठी दुसरा प्रकार आहे. ते घेतल्याने कोणाच्या बरे होण्यावर शिक्का बसत नाही; मुदत संपली आणि माणूस चालू लागला की विषय तिथेच संपतो.

अर्ज करण्यापूर्वी हे मात्र लक्षात घ्यावे की कायद्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे दिलेली आहेत आणि कर्करोग किंवा हृदयविकार ही नावे त्यांत नाहीत. प्रमाणपत्रासाठी तपासणी करणारे रुग्णालयातील वैद्यकीय मंडळ आजाराचे नाव पाहत नाही, त्या आजाराने शरीराच्या कोणत्या क्षमतेवर किती परिणाम केला ते पाहते. हाडाच्या कर्करोगामुळे पाय काढावा लागला असेल, गाठीचा दाब मज्जारज्जूवर येऊन पाय लुळे पडले असतील, पक्षाघाताने एक बाजू दुबळी झाली असेल, तर ते चलनविषयक, म्हणजे हालचालीचे, दिव्यांगत्व ठरते. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा उल्लेख अनुसूचीत स्वतंत्रपणे आहे. केवळ केमोथेरपीचा थकवा किंवा हृदयाच्या दुबळेपणामुळे लागणारी धाप मात्र, कितीही त्रासदायक असली तरी, या चौकटीत सहसा बसत नाही. अशा रुग्णांसाठी काय करता येते ते पुढे येईलच.

अर्ज केंद्र सरकारच्या यूडीआयडी पोर्टलवर, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर, ऑनलाइन करायचा असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो आणि सही किंवा अंगठा एवढी तयारी पुरते. सही करणारा हात दुबळा असेल तर आधी अंगठ्याचा ठसा स्कॅन करून ठेवावा. जिल्हा निवडताना मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत हे विसरू नये. राहत्या जिल्ह्यातील अधिकृत रुग्णालय निवडता येते, तसेच ज्या शासकीय रुग्णालयात या आजारावर उपचार झाले तिथेही अर्ज करण्याची तरतूद नियमांत आहे. मुंबईत भायखळ्याचे जे. जे., परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही परिचित ठिकाणे आहेत. यादी पोर्टलवर दिसते, तीच प्रमाण मानावी. रुग्णाला जिथे गाडीतून उतरताच व्हीलचेअर मिळेल आणि जिथली लिफ्ट चालू असते असे ठिकाण निवडणे, घराजवळच्या पण जिने चढायला लावणाऱ्या ठिकाणापेक्षा केव्हाही चांगले. अर्ज भरल्यावर नोंदणी क्रमांक मिळतो. तो घरातील दोघांच्या मोबाईलमध्ये तरी जपून ठेवावा.

सर्वांत जास्त मेहनत कागदांवर घ्यावी, आणि त्यातही उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रावर. डिस्चार्ज समरीत निदान, शस्त्रक्रिया आणि औषधे सविस्तर असतात. रुग्ण आज काय करू शकत नाही याची ओळ मात्र बहुधा नसते. मंडळातील डॉक्टरांसमोर रुग्ण काही मिनिटेच असतो, आणि खासगी डॉक्टरांचे पत्र प्रमाणपत्राची जागा घेत नसले तरी त्या थोड्या वेळात तेच रुग्णाची बाजू मांडते. म्हणून पुढील फेरतपासणीत डॉक्टरांना विनंती करून अशा धर्तीचे पत्र घ्यावे: “रुग्णाच्या उजव्या पायाची शक्ती कमी असून काठी आणि एका व्यक्तीच्या आधाराशिवाय चालता येत नाही. सलग पन्नास मीटरपेक्षा जास्त चालल्यास तोल जातो. जिना चढणे सध्या शक्य नाही. फिजिओथेरपी चालू आहे.” अंतर, आधार आणि तोल यांविषयीचे तपशील अर्थातच रुग्णाच्या खऱ्या स्थितीप्रमाणे असावेत. या पत्रासोबत एमआरआय किंवा एक्स-रेचे अहवाल, फिजिओथेरपिस्टची नोंद आणि सर्व कागदांच्या झेरॉक्स वेगळ्या फाईलमध्ये लावाव्यात.

तपासणीच्या दिवशी रुग्ण रोज जी काठी, वॉकर किंवा पट्टा वापरतो तो सोबत असावा. डॉक्टरांसमोर धीट दिसावे म्हणून आधार सोडून चालून दाखवण्याचा मोह वयस्कर माणसांना फार होतो. घरच्यांनी आधीच प्रेमाने समजवावे की आज रोजच्यासारखेच चालायचे आहे. पक्षाघातासारख्या आजारात सुधारणा कुठवर येते हे पाहण्यासाठी डॉक्टर काही काळ थांबायला सांगू शकतात. तसे झाले तर पुन्हा केव्हा यायचे हे केसपेपरवर लिहून घ्यावे.

कार्डाचा रंग दिव्यांगत्वाची टक्केवारी सांगतो: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० पासून ८० टक्क्यांच्या आत पिवळा आणि ८० किंवा अधिक असल्यास निळा. बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट असते, त्यामुळे पांढरे कार्ड मिळाल्यास निराशा होते. टक्केवारी चुकीची वाटली किंवा अर्ज नाकारला गेला, तर कारणे लेखी मागावीत. ती देणे मंडळावर बंधनकारक आहे, आणि अधिनियमाच्या कलम ५९ नुसार निर्णयाविरुद्ध अपील करता येते. प्रमाणपत्र मिळाले की ते देशभर वैध असते.

सार्वजनिक इमारतींसाठीच्या मानकांनुसार राखीव जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद असायला हवी. ही जादा रुंदी दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता यावी म्हणून असते, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यात स्कूटर लावू दिल्यास जागा असूनही निरुपयोगी ठरते. व्यवस्थापकाला हे कारण देऊन सांगितल्यास तो बहुधा ऐकतो. रुग्ण गाडीत असेल तेव्हाच ही जागा वापरावी. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेतल्यास कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मुंबईत रोजची लढाई मात्र स्वतःच्या सोसायटीच्या आवारातच असते. व्यवस्थापक समितीला तोंडी सांगू नये. सचिवांच्या नावे पत्र देऊन पोच घ्यावी. पत्रात एवढे पुरेसे आहे: “माझे वडील श्री. … यांना आजारपणामुळे चालताना आधार लागतो. प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. लिफ्टजवळील एखादी जागा प्रमाणपत्राच्या मुदतीपर्यंत आम्हांला मिळावी, त्या बदल्यात आमची सध्याची जागा संबंधित सभासदास देण्यास आम्ही तयार आहोत.” जागेची अदलाबदल आणि मुदत या दोन गोष्टी लिहिल्यामुळे शेजाऱ्यांच्या मनातली भीती कमी होते आणि विषय सर्वसाधारण सभेत गेला तरी होकार मिळणे सोपे जाते.

ज्यांना प्रमाणपत्र मिळण्यासारखे नाही किंवा ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे, त्यांनीही डॉक्टरांच्या पत्रासह सोसायटीकडे हाच अर्ज करावा. बाहेर जाताना संबंधित रुग्णालयाला किंवा बँकेला आदल्या दिवशी फोन करून रुग्णाला पोर्चमध्ये उतरवता येईल का आणि व्हीलचेअर मिळेल का हे विचारून ठेवावे. अशी विनंती करण्यासाठी कोणत्याही टक्केवारीची गरज नसते.

मुदतीच्या प्रमाणपत्रावरील अंतिम तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्रास कायम असल्यास तिच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज भरावा, कारण प्रमाणपत्र आणि कार्ड देण्यासाठी नियमांनीच तीन महिन्यांपर्यंतचा अवधी दिलेला आहे.