डेटाबेसचे पासवर्ड कीस्टोरमधे टाकले, त्याची गोष्ट (नवीन लोकांसाठी)

नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. सिक्युरिटी ऑडिटमधे आमच्या अ‍ॅप्लिकेशनवर एक शेरा आला, की प्रॉपर्टीज फाईलमधे (अ‍ॅपची सेटिंग्ज असलेली साधी टेक्स्ट फाईल) डेटाबेसचा युजर आणि पासवर्ड उघडे लिहिलेत, ते एन्क्रिप्ट करा. टीममधे सगळे कामात होते आणि मी रिकामा दिसत होतो, त्यामुळे "सोपं आहे रे, दोन दिवसांचं काम" म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. त्यातलं काय काय अडलं ते लिहितोय. उदाहरणं जावाची आहेत कारण मी त्यातच काम करतो, पण बाकीच्यांनाही बरंच लागू पडेल.

पहिला प्रयत्न सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी पासवर्ड बेस सिक्स्टी फोरमधे बदलून फाईलमधे ठेवला, कोडमधे डीकोड केला आणि झालं म्हणून सिनियरला दाखवायला गेलो. त्यांनी ती ओळ कॉपी केली, टर्मिनलमधे एक कमांड मारली, पासवर्ड स्क्रीनवर आला, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा कळलं की एन्कोडिंग म्हणजे फक्त वेगळ्या लिपीत लिहिणं, त्याला किल्ली लागतच नाही. मग मी म्हटलं हॅश करतो! तर तेही चालणार नाही, कारण हॅश उलटा फिरत नाही, त्यातून मूळ पासवर्ड परत मिळत नाही. युजर लॉगिन करतो तेव्हा आपण त्याचा पासवर्ड नुसता ताडून बघतो, तिथे हॅश बरोबर आहे, पण इथे आपलं अ‍ॅप स्वतःच डेटाबेसच्या दारात उभं आहे आणि त्याला मूळ पासवर्ड सांगावा लागतो. म्हणजे परत मिळवता येईल असंच काहीतरी हवं, म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे किल्ली, आणि मग ती किल्ली कुठे ठेवायची हा प्रश्न. त्यावर खाली येतोच, खरी मारामारी तिथेच आहे.

कीस्टोर म्हणजे काय, तर एक एन्क्रिप्ट केलेली फाईल, तिला स्वतःचा एक मास्टर पासवर्ड, आणि आत नाव लावलेल्या नोंदी. त्या नावाला एलियास म्हणतात. अ‍ॅप सुरू होताना मास्टर पासवर्डने फाईल उघडतं, एलियासने नोंद मागतं आणि पासवर्ड घेतं. जावासोबत कीटूल नावाचं टूल फुकट येतं. बहुतेकांना ते सर्टिफिकेटसाठीच माहिती असतं, पण त्यात इम्पोर्टपास म्हणून एक कमांड आहे, ती साधा पासवर्डसुद्धा आत ठेवते. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर त्याचंच वापरा, उगाच स्वतःचं बनवू नका. इलॅस्टिकसर्चचं स्वतःचं कीस्टोर टूल आहे, वाईल्डफ्लायमधे क्रेडेन्शियल स्टोअर आहे, ओरॅकलचं वॉलेट आहे, अ‍ॅन्सिबलमधे व्हॉल्ट आहे. नावं वेगळी, कल्पना तीच.

आता मी कुठे कुठे आपटलो ते.

एक म्हणजे फाईलचा प्रकार. आमच्या सर्व्हरवर जावा ८ होतं. तिथे प्रकार न सांगता कीस्टोर बनवलं की ते जेकेएस (जावाचा स्वतःचा जुना प्रकार) बनतं, आणि जेकेएसमधे प्रायव्हेट की आणि सर्टिफिकेट सोडून दुसरं काही बसत नाही. पासवर्ड टाकायला गेलं की एरर. जुन्या लेखांमधे यासाठी जेसीईकेएस वापरा म्हणून सांगितलेलं असतं, ते चालतं, पण आत जुनं ट्रिपल डेस आहे आणि ते फक्त जावालाच कळतं. पीकेसीएस १२ घ्या, तो जावाबाहेरही चालणारा प्रकार आहे. जावा ९ पासून तोच डिफॉल्ट आहे आणि जावा ८ मधेही स्टोअरटाईप स्पष्ट सांगितला की पासवर्डच्या नोंदी त्यात बसतात. यात नोंदीला वेगळा पासवर्ड आणि फाईलला वेगळा असं कीटूल करू देत नाही, दोन्ही एकच राहतात, त्यात गोंधळून जाऊ नका.

दुसरं, व्हर्जन. हे मला अर्धा दिवस खाऊन गेलं. कीस्टोर मी माझ्या लॅपटॉपवर बनवलं, तिथे जावा १७, आणि फाईल उचलून सर्व्हरवर टाकली. सर्व्हरवर अ‍ॅप उठेना. एररमधे इंटिग्रिटी चेक फेल आणि एचमॅक पीबीई शा २५६ नावाचा अल्गोरिदम उपलब्ध नाही असं काहीतरी. मला वाटलं फाईल कॉपी होताना खराब झाली म्हणून मी ती तीनदा परत कॉपी केली, चेकसम (फाईलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवले, सगळं जुळत होतं. भानगड अशी की जावा १६ पासून पीकेसीएस १२ चे डिफॉल्ट अल्गोरिदम मजबूत केले, आणि जुन्या जावा ८ ला ते वाचताच येत नाहीत. अपडेट ३०१ पासून जावा ८ ला ते कळायला लागले, आमचा सर्व्हर त्याच्या आधीचा होता. लेगसी नावाचा एक स्विच देऊन जुन्या पद्धतीची फाईल बनवता येते, पण खरं उत्तर म्हणजे सर्व्हरचं जावा अपडेट करणं, आम्ही शेवटी तेच केलं. तुम्ही मात्र ज्या मशीनवर फाईल वाचली जाणार त्याच व्हर्जनच्या कीटूलने ती बनवा, म्हणजे ही कटकटच नको.

तिसरं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात छळणारं. मास्टर पासवर्ड एका वेगळ्या फाईलमधे ठेवायचा ठरलं होतं, मी इको कमांडने तो फाईलमधे लिहिला. कीटूलला ती फाईल देऊन लिस्ट मागितली, व्यवस्थित सगळे एलियास दिसले. अ‍ॅपला तीच फाईल दिली तर पासवर्ड चुकीचा! एकच फाईल, एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक, हे कसं शक्य आहे म्हणून मी डोकं धरून बसलो होतो. शेजारच्या टीममधली एक ताई चहाला चाललेली, तिने मागून बघितलं आणि म्हणाली, "ओडी मारून बघ रे, शेवटी काय आहे." ओडी फाईलमधला बाइट न् बाइट दाखवतं. मारलं तर पासवर्डच्या शेवटच्या अक्षरानंतर उलटी तिरकी रेघ आणि एन, म्हणजे न्यूलाईन. इको शेवटी न्यूलाईन टाकतंच. कीटूल फाईलची पहिली ओळ तेवढी वाचतं म्हणून त्याला फरक पडला नाही, माझा कोड आख्खी फाईल वाचत होता, त्यात न्यूलाईनही पासवर्डचा भाग झाली. तेव्हापासून मी प्रिंटएफ वापरतो, ते स्वतःहून न्यूलाईन टाकत नाही, आणि कोडमधेही शेवटची न्यूलाईन काढून टाकतो. पासवर्ड चुकलाय अशी एरर आली की मी आता पहिल्यांदा बाइट मोजतो, मग बाकीचं.

अजून बारीकसारीक. पासवर्ड कधीही कमांडच्या ओळीत देऊ नका, तो शेलच्या हिस्ट्रीत राहतो आणि कमांड चालू असेपर्यंत पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारणाऱ्याला दिसू शकतो. कीटूल विचारेल तेव्हाच टाईप करा, नाहीतर त्याला फाईलमधनं किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधनं घ्यायला सांगा, तशी सोय आहे. एलियास सगळे लहान अक्षरात ठेवा, कारण पीकेसीएस १२ मधे लहानमोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही आणि मग कोडमधे एक, लिस्टमधे दुसरं असं दिसून माणूस चक्रावतो. आणि हो, पासवर्डमधे देवनागरी टाकायची हौस मला आली होती, म्हटलं कोण ओळखणार! पासवर्ड आत ठेवताना जावा त्याची जी की बनवतं, ती आस्की (साधी इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) सोडून काही घेत नाही, सरळ एरर देते. हौस तिथेच संपली.

आता मूळ प्रश्न. डेटाबेसचा पासवर्ड कीस्टोरमधे गेला, कीस्टोरचा मास्टर पासवर्ड कुठे? मी पहिल्यांदा तो त्याच प्रॉपर्टीज फाईलमधे ठेवला होता, हसू नका, बरेच जण हेच करतात. कुलूप लावून किल्ली तिथेच खिळ्याला टांगली. तो मास्टर पासवर्डही एन्क्रिप्ट करू म्हटलं तर त्याची किल्ली कुठे, आणि मग तिची कुठे, याला अंत नाही. शेवटी कुठेतरी एक गुपित उघडं राहणारच, ते कोणाच्या हातात राहील एवढंच आपण ठरवू शकतो. मला हे समजायला आठवडा लागला, आणि समजल्यावर कामाचं स्वरूपच बदललं, कारण मग अल्गोरिदमपेक्षा फाईलचा मालक कोण, परमिशन काय, बॅकअप कुठे जातो हे प्रश्न मोठे झाले.

आम्ही केलं ते असं. कीस्टोर एका फोल्डरमधे, मास्टर पासवर्डची फाईल दुसरीकडे, दोन्हींची मालकी अ‍ॅप ज्या सर्व्हिस युजरने चालतं त्याच्याकडे आणि परमिशन ४००, म्हणजे तो फक्त वाचू शकतो, बाकी कोणी काही नाही. कीटूल फाईल बनवतं तेव्हा परमिशन आपोआप घट्ट होत नाही, साधारणपणे सगळ्यांना वाचता येईल अशीच बनते, ते हाताने करायचं. कीस्टोर रोजच्या बॅकअपमधे जातं, मास्टर पासवर्ड त्या बॅकअपमधे जात नाही, तो वेगळा ठेवलाय. दोन्ही एकाच टेपवर गेले तर ज्याच्या हातात टेप त्याच्या हातात सगळं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही विचारात होता, पण तो प्रोसेसच्या एन्व्हायरन फाईलमधनं त्याच युजरला आणि रूटला (मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर) वाचता येतो, शिवाय क्रॅश झाल्यावर काही टूल आख्खं एन्व्हायर्नमेंट लॉगमधे ओततात, म्हणून टाळला. सर्व्हरवर नवीन सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारं आणि सांभाळणारं) असेल तर लोडक्रेडेन्शियल बघा, सर्व्हिसला फाईल हातात देण्याचा तो बरा मार्ग आहे. आणि ज्याला रूट मिळालं त्याच्यापासून यातलं काहीच वाचवत नाही, हे ऑडिटवाल्यांनाही मी स्पष्ट लिहून दिलं. त्यांनी ते मान्य केलं, उलट लिहून दिल्याबद्दल बरं वाटलं त्यांना.

गिटचं विसरू नका. मी प्रॉपर्टीज फाईलमधनं पासवर्ड काढला, कमिट केला आणि खूश झालो. जुना कमिट उघडला की पासवर्ड तिथेच होता, असणारच, इतिहास साठवणं हेच गिटचं काम. इतिहास पुसायच्या खटपटी करता येतात पण ज्याने आधीच क्लोन केलंय, म्हणजे आख्खी कॉपी घेतलीय, त्याचं काय. एकदा गिटमधे गेलेला पासवर्ड फुटला असंच धरायचं आणि डेटाबेसमधे तो बदलायचा.

आणि बदलताना आम्ही चांगलेच आपटलो. दोन सर्व्हर होते. डेटाबेसचा पासवर्ड बदलला, दोन्हीकडे नवीन कीस्टोर टाकलं, एक सर्व्हर रीस्टार्ट केला, दुसरा राहिला. गंमत म्हणजे काहीच झालं नाही, सगळं चालू, आम्ही जेवायला गेलो. उघडी कनेक्शन पासवर्ड बदलल्याने तुटत नाहीत, कनेक्शन पूल (अ‍ॅपने उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) जुनीच कनेक्शन वापरत राहतो. आमच्याकडच्या हिकारी पूलमधे कनेक्शनचं जास्तीत जास्त आयुष्य डिफॉल्टने ३० मिनिटं आहे, तेवढा वेळ गेल्यावर एकेक कनेक्शन मरायला लागलं आणि नवीन उघडेना, कारण त्या सर्व्हरच्या मेमरीत जुनाच पासवर्ड. जेवून येईपर्यंत फोन वाजायला लागले होते. त्यात डेटाबेसला चुकीच्या लॉगिनची मर्यादा लावलेली असेल तर अकाउंटच लॉक होतं आणि मग चांगला सर्व्हरही बसतो, आमचं नशीब की आमच्याकडे ती लावलेली नव्हती. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका युजरला काही काळ जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड चालवता येतात, रिटेन करंट पासवर्ड म्हणून. ते नसेल तर दोन युजर ठेवून आलटून पालटून वापरा.

अ‍ॅप सुरू होतानाच सगळे एलियास आहेत का ते तपासून घ्या, एखादा नसेल तर त्याचं नाव सांगून तिथेच थांबू दे. नाव सांगा, आतला पासवर्ड नाही! मी डीबगसाठी टाकलेली एक लॉगची ओळ तशीच प्रॉडला (खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर) गेली असती, रिव्ह्यूमधे पकडली गेली म्हणून वाचलो.

आता टीममधे कोणी नवीन आलं की मी त्याला टेस्ट सर्व्हरवर रिकाम्यापासून कीस्टोर उभं करायला देतो, हातात फक्त मी लिहिलेलं एक पान, आणि मी शेजारी बसतो पण बोलत नाही. जिथे तो अडकतो तिथे पान दुरुस्त करतो. मागच्या वेळची मुलगी चौथ्या पायरीवर अडकली. फाईल ४०० केल्यावर तिला त्यात नवीन एलियास टाकता येईना, आणि आधी ६०० (मालकाला वाचता आणि लिहिता दोन्ही येईल असं) करून काम झाल्यावर परत ४०० करायचं हे मी लिहिलंच नव्हतं.