एचआरमध्ये गणित नसतं ना?

एमबीएच्या सीईटीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. कुणाची पुतणी, कुणाचा भाचा. प्रश्न ठरलेला. "ताई, फायनान्स आपल्याला झेपायचं नाही, एचआर घेतो. त्यात गणित नसतं ना?"

असतं. एचआर म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन, त्यात पगाराचा हिशेबही येतो. तो चुकला की कुणाच्या तरी घरात पैसे कमी जातात.

माझाही समज तेव्हा वेगळा नव्हता. बी.ए. मानसशास्त्रातून केलं होतं आणि माणसांशी बोलायला आवडायचं, म्हणून पुणे विद्यापीठाच्या एमबीएला एचआर घेतलं. माणूस कशाने कामाला लागतो हे सांगणारे मॅस्लोचा पिरॅमिड आणि हर्झबर्गचे घटक, परफॉर्मन्स अप्रेजल म्हणजे कामाचं मूल्यमापन, ट्रेनिंग नीड ॲनालिसिस म्हणजे कुणाला कसलं प्रशिक्षण हवं ते ठरवणं, हे सगळं मनापासून वाचलं. कामगार कायद्याचा पेपर मात्र आदल्या रात्री कलमं पाठ करून काढला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात नेमकं तेच लागलं.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात रुजू झाले. टेबल मिळालं टाइम ऑफिसात, म्हणजे जिथे कामगारांची हजेरी ठेवतात तिथे. तीन पाळ्या, ओव्हरटाइम, बदली सुट्ट्या, ठेकेदारांच्या माणसांची वेगळी हजेरी. कार्ड पंच करायला कुणी विसरला की मशीन त्याला गैरहजर धरतं. महिनाअखेरीला ते दुरुस्त झालं नाही तर पगारातून दिवस कापला जातो. पगाराच्या दुसऱ्या दिवशी खिडकीशी रांग लागायची, प्रत्येकाच्या हातात चौघडी घातलेली स्लिप. टाइमकीपर काकांची नोकरी तेव्हा सव्वीस वर्षांची झाली होती. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, स्लिप घेऊन आलेल्या माणसाला 'सिस्टममध्ये बघते' म्हणू नका. त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडा."

मग मी हिशेब मांडायला शिकले. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा, की माझे पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) 1,800 कापले आणि कंपनीही तेवढेच भरते म्हणता, मग पासबुकात कंपनीचे फक्त 550 कसे? बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,000 असेल तर दोन्ही बाजूंचे 12 टक्के म्हणजे 1,800 बरोबर. पण कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, पेन्शन फंडात जातात आणि उरलेले 550 पीएफला. हे दोन ओळींत मांडून दाखवलं की माणूस शांत होऊन जायचा. तोपर्यंत मात्र त्याला वाटत असायचं की कंपनी आपले पैसे खाते.

ग्रॅच्युइटीचंही, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या रकमेचंही तसंच. शेवटचा बेसिक आणि डीए, भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरायचं. 26,000 रुपयांवर 8 वर्षं 7 महिने काम केलेल्या माणसाचे 1,35,000 होतात. हे तोंडी करता यायला हवं, कारण राजीनामा हातात धरून समोर उभा असलेला माणूस त्या रकमेवर काहीतरी ठरवणार असतो.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका ऑपरेटरचा रात्रपाळीहून घरी जाताना मोटरसायकलवर अपघात झाला, तो गेला. तेराव्यानंतर त्याची बायको दिराला घेऊन आली, कडेवर वर्षाचं मूल. मी फाइल काढली. आपल्यामागे पैसे कुणाला द्यायचे ते सांगणाऱ्या नॉमिनेशन फॉर्मवर त्याच्या आईचं नाव होतं. बाविसाव्या वर्षी, लग्नाआधी, रुजू होताना भरलेला फॉर्म. पीएफच्या योजनेत लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द समजतात, नवा फॉर्म भरावा लागतो. तो भरलेला नव्हता. त्यात तिच्या आधारवर अजून माहेरचं नाव. पीएफ, पेन्शन, विम्याची रक्कम, प्रत्येक ठिकाणी वेगळे कागद. सात महिने ती फेऱ्या मारत होती. त्याच फाइलमध्ये त्याचा लग्नाच्या रजेचा अर्ज होता आणि मंजुरीची सही माझी होती. रजा मंजूर करताना एक फॉर्म पुढे सरकवला असता तर तिचे सात महिने वाचले असते. तेव्हापासून लग्नाच्या रजेच्या अर्जाला मी नॉमिनेशनचा फॉर्म टाचूनच ठेवते.

आता प्रवेशाचं. एचआर शिकायचे रस्ते बरेच आहेत आणि ते एकाच ठिकाणी नेत नाहीत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा एचआर आणि कामगार संबंधांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबईत आहे, त्याला आता कॅट या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयला झॅट, सिंबायोसिसच्या संस्थांना स्नॅप. राज्यातल्या बहुतेक एमबीए कॉलेजांना सीईटी. यांच्याबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. ज्यांच्याबद्दल कुणी सांगत नाही ते असे. परळची नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था, तिथला मास्टर ऑफ लेबर स्टडीज (एमएलएस). मग समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, एमएसडब्ल्यू. आणि कामगार कायदे व कामगार कल्याण यांचा डिप्लोमा, ज्याला सगळे डीएलएल म्हणतात. लोखंडे म्हणजे ज्यांनी गिरणी कामगारांसाठी लढून 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळवली ते. एचआर शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाला हे नाव माहीत असावं असं मला फार वाटतं.

कारखान्यात जायचं असेल तर प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न विचारा: या अभ्यासक्रमाला वेल्फेअर ऑफिसरच्या, म्हणजे कामगार कल्याण अधिकाऱ्याच्या पदासाठी राज्य शासनाची मान्यता आहे का? ते पद कायद्याने भरावंच लागतं. फॅक्टरी ॲक्टमध्ये 500 कामगारांना ही अट होती, नव्या कामगार संहितेने ती 250 वर आणली. जाहिरातींत त्यासाठी बऱ्याचदा एमएसडब्ल्यू किंवा एमएलएस मागतात, नुसत्या एमबीएवर अडतं. माझं अडलं. मी नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डीएलएल केलं आणि पाठ केलेली कलमं तिथे मला पहिल्यांदा कळली.

जुन्या नोट्सवर विसंबू नका. केंद्राचे 29 कामगार कायदे चार संहितांमध्ये आले आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाल्या. सगळ्यात मोठा बदल वेतनाच्या व्याख्येत आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनात धरायची, म्हणजे बेसिक मुद्दाम लहान ठेवून ग्रॅच्युइटी वाचवायची सोय राहिली नाही. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते. नव्याने येणाऱ्यांना ही चांगली संधी आहे, कारण दहा वर्षांचे अनुभवीही हे आत्ताच शिकताहेत.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात. सगळ्यात जास्त जागा भरतीच्या कामात असतात. हिंजवडी, खराडीच्या आयटी कंपन्या आणि त्यांना माणसं पुरवणाऱ्या एजन्सी. दिवसाला चाळीस-पन्नास फोन, ऑफर स्वीकारून ऐनवेळी न येणारे उमेदवार, आणि टार्गेट. सुरुवातीला ठीक आहे, पण दोन वर्षांत पगार, अप्रेजल किंवा ट्रेनिंगचं काम मागून घ्या, नाहीतर तिथेच शिक्का बसतो. एक्सेल चांगलं येणाऱ्याला पेरोल आणि वेतनरचनेत भरपूर वाव आहे. सरकारीत जायचं तर युपीएससीतून ईपीएफओच्या, म्हणजे पीएफचा कारभार बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या जागा निघतात, आणि शिकवायचं असेल तर प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे.

मला स्वतःला आय.आर. म्हणजे औद्योगिक संबंधांचं, कंपनी आणि युनियन यांच्यातलं काम सगळ्यात मोलाचं वाटतं. युनियनचं मागणीपत्र येतं, महिनोन्महिने बैठका चालतात आणि शेवटी तीन-चार वर्षांचा करार होतो. त्या टेबलावर कँटीनच्या दरापासून रात्रपाळीच्या भत्त्यापर्यंत प्रत्येक ओळीचा वर्षाचा बोजा किती, हे तुमच्या वहीत तयार असावं लागतं. आणि चौकशी. कामगारावर आरोप असला तरी त्याला आरोपपत्र मिळालं पाहिजे, बाजू मांडायला वेळ मिळाला पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत. घाईने काढलेला माणूस कोर्टातून परत येतो, आणि तेव्हा चूक आपली असते. बायका या कामात कमी दिसतात. मुलींनो, घाबरू नका. गेटवर घोषणा चालू असतानाही सकाळी मला "मॅडम, चहा घेतला का" असं विचारणारे तेच लोक असत.

इंटर्नशिपला मोठ्या नावापेक्षा मस्टर (हजेरीपट) हातात देणारी जागा शोधा. "एम्प्लॉयी सॅटिस्फॅक्शन"ची पन्नास प्रश्नांची प्रश्नावली सगळेच भरून आणतात, त्यातून काही येत नाही.

फोन करणाऱ्या मुलांना हल्ली मी आधी एक काम सांगते. घरात जो नोकरी करतो त्याची पगाराची स्लिप माग, एकेक ओळ समजून घे, पीएफचं पासबुक बघ, मग मला परत फोन कर. बरेचजण करत नाहीत. गेल्या वर्षी एका मुलीने चौथ्या दिवशी केला. वडील साखर कारखान्यात. स्लिप तिला कळली होती, एक कपात सोडून, ती मी सांगितली. मग म्हणाली, "ताई, अजून एक. पप्पांच्या नॉमिनेशनमध्ये अजून आजीचंच नाव आहे. आजीला जाऊन सहा वर्षं झाली." ऑनलाइन नॉमिनेशन कसं भरायचं ते मी तिला फोनवरच सांगितलं. आईचा फोटो आणि आधार शोधायला ती उठली, आणि ॲडमिशनचं विचारायचं राहूनच गेलं.