अमेरिकन ऑर्केस्ट्राची जुनी स्टिरिओ रेकॉर्डिंग ऐकताना या चुका टाळा

1950च्या दशकात अमेरिकन संगीतकारांच्या रचनांची जी पहिली स्टिरिओ (डाव्या-उजव्या स्पीकरसाठी वेगळा आवाज असलेली) रेकॉर्डिंग झाली, ती ऐकून बरेच जण म्हणतात, ‘जुनं आहे, आवाज असाच असणार.’ हे मला अजिबात पटत नाही. यातली कित्येक रेकॉर्डिंग आजही थक्क करतात. दोष बहुतेक वेळा आपल्या घरातल्या जोडणीत किंवा आपण निवडलेल्या प्रतीत असतो.

सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार म्हणजे ‘बेस पातळ आहे आणि मधली वाद्यं नेमकी कुठे आहेत ते कळत नाही.’ अशा वेळी आधी स्पीकरच्या वायरी तपासा. एका स्पीकरची अधिक-उणे उलटी लागली असेल, तर या रेकॉर्डिंगचं नुकसान फार होतं. त्याचं कारण ती कशी केली यात आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन थिएटरमध्ये संगीतसंचालक (कंडक्टर) हॉवर्ड हॅन्सन यांनी मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीसाठी अमेरिकन संगीत ध्वनिमुद्रित केलं. तिथे इंजिनीअर रॉबर्ट फाइन ऑर्केस्ट्रासमोर फक्त तीन माइक टांगत आणि ते तीन ट्रॅकवर घेत. निर्मात्या विल्मा कोझार्ट फाइन त्या तिनांचे डावा-उजवा असे दोन चॅनेल करत, तेव्हा मधल्या माइकचा आवाज डावी-उजवीकडे वाटला जाई. वायर उलटी असेल तर नेमका हाच सामाईक आवाज एकमेकांना मारतो आणि बासरी, ओबो, क्लॅरिनेट हवेत विरतात. एखादं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) भाषण लावून बघा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. डावं-उजवंही तपासा: या काळातल्या बहुतेक अमेरिकन ऑर्केस्ट्रांत पहिली व्हायोलिन डावीकडे आणि डबल बेस उजवीकडे ऐकू येतात.

दुसरी चूक ‘स्टिरिओ’ या शिक्क्यावर विसंबण्याची. 1960च्या दशकात कंपन्यांनी जुनी मोनो रेकॉर्डिंग इलेक्ट्रॉनिक करामतीने ‘स्टिरिओ’ करून विकली. ती ओळखायला एकच वाद्य धरून ठेवा. व्हायोलिनची सुरावट खालून वर चढत असताना आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत गेला, तर ते नकली. खऱ्या स्टिरिओत वाद्य आपली जागा सोडत नाही. अशी प्रत हाती आली तर मोनोचं बटण दाबून ऐका, पुष्कळ सुधारते. शक्य असेल तर मूळ मोनोच मिळवा.

रेकॉर्ड विकत घेताना क्रमांकाआधीची अक्षरं वाचा. आरसीए कंपनीचं एलएम म्हणजे मोनो, एलएससी म्हणजे स्टिरिओ, आणि पुढचा आकडा बहुधा दोन्हींचा सारखाच. मर्क्युरीचं एमजी मोनो, एसआर स्टिरिओ. कोलंबियाचं एमएल मोनो, एमएस स्टिरिओ. कव्हरवर भरवसा नको, तबकडीच्या लेबलवरची अक्षरं खरी.

रेकॉर्ड बाजारात आल्याचं साल हेच ध्वनिमुद्रणाचं साल असं धरू नका. स्टिरिओ एलपी सर्वत्र मिळू लागल्या 1958 मध्ये, पण हॅन्सन यांनी अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्हजचं ‘थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड’ 1957 मध्येच स्टिरिओत घेतलं होतं. ते जरूर ऐका. त्याच्या दुसऱ्या भागात दोन बँड वेगवेगळ्या लयीत एकमेकांवर चालून आल्यासारखे वाजतात. मोनोत जो नुसता गोंगाट वाटतो, तो इथे उलगडतो.

अमेरिकन संगीत म्हणजे अमेरिकेतच रेकॉर्ड झालेलं, असंही नाही. अमेरिकन संगीतकार कोपलंड यांची तिसरी सिम्फनी कंडक्टर डोराटी यांनी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला 1953 मध्ये केली, ती मोनो आहे. स्टिरिओ हवं असेल तर स्वतः कोपलंड यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर एव्हरेस्ट कंपनीसाठी 1958 मध्ये केलेलं रेकॉर्डिंग शोधा.

याच सिम्फनीवर आवाज किती ठेवायचा तेही शिकता येतं. शेवटचा भाग बासरी आणि क्लॅरिनेटच्या अगदी हलक्या सुरांनी उघडतो आणि पाठोपाठ ब्रास व तालवाद्यं कडाडतात. हलक्या सुरांवर आवाज लावलात तर पुढच्या क्षणी स्पीकर फाटल्यासारखे वाजतील आणि दोष रेकॉर्डिंगला लागेल. आवाज ब्रासवर ठरवा, मग सुरुवातीला परत जा. अ‍ॅपवर ऐकत असाल तर आवाज समान करणारी सेटिंग बंद ठेवा. टेपची बारीक सळसळ घालवायला नॉइज रिडक्शनही लावू नका. सळसळीबरोबर सभागृहाची हवा आणि झांजांची चकाकीही जाते.

जुन्या मोनो कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) स्टिरिओ रेकॉर्ड कधीच वाजवू नका. मोनोत सुई फक्त आडवी हलते, स्टिरिओत खाली-वरही. वर-खाली न लवणारी सुई त्या खाचा खरवडून टाकते आणि ते नुकसान भरून येत नाही.

त्या काळच्या दोन ट्रॅकच्या टेप कुणाकडे असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. काही टेप एकमेकांपासून सुमारे सव्वा इंच अंतरावर बसवलेल्या दोन हेडसाठी (टेप वाचणाऱ्या भागांसाठी) बनवल्या होत्या. एकाखाली एक हेड असलेल्या मशीनवर त्या लावल्या, तर सेकंदाला साडेसात इंच वेगाला एक बाजू दुसरीच्या साधारण 0.16 सेकंद मागे पडते आणि सगळं प्रतिध्वनीसारखं ऐकू येतं. डिजिटल प्रत करून एक चॅनेल तेवढाच सरकवला की ऑर्केस्ट्रा जागेवर येतो.