घराघरात जाऊन करायचा लघुप्रबंध: एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर) आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तयारी कशी करावी

जुलै उजाडला की दुसऱ्या वर्षाची मुलं विषय घेऊन येतात. ‘वृद्धांच्या समस्या: एक अभ्यास’. ‘सोशल मीडियाचा तरुणांच्या मनावर होणारा परिणाम’. ‘आशा सेविकांचा ताणतणाव’. विषय वाईट नसतात. पण मी प्रत्येकाला आधी एकच विचारते: यातल्या कुणाच्या दारात तू जाणार आहेस, आणि त्या माणसाने हातातलं काम टाकून तुझ्याशी तासभर का बोलावं? याचं उत्तर सापडलं की विषय, नमुना, प्रश्नावली, संमतीपत्र हे सगळं त्यातून उलगडत जातं. सापडलं नाही, तर प्रबंध पूर्ण होतो, गुणही मिळतात, पण समोरच्याचा तास वाया गेलेला असतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत धरते: अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची घरी सेवा करणाऱ्या बायका.

विषयाचा प्रश्न करा

‘वृद्धांच्या समस्या’ हा प्रश्न नाही, ते पुस्तकाचं नाव झालं. प्रश्न असा हवा: ‘आमच्या तालुक्यात अंथरुणावरच्या माणसाची सहा महिन्यांहून जास्त काळ सेवा करणाऱ्या बायकांना मदत कुणाकडून मिळते, आणि ती मागताना काय आड येतं?’ यात कोण, कुठे, किती काळ, नेमकं काय हे सगळं आलं. हा प्रश्न एखाद्या अशा बाईला वाचून दाखवा. ‘हो, हे विचारायलाच पाहिजे’ असं ती म्हणाली, तर पुढे जा.

‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात घालताना थांबा. एकाच वेळी भरून घेतलेल्या फॉर्मवरून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच सांगता येतं. मोबाइलमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात आला, हे त्यातून कळत नाही. अशा वेळी ‘संबंध’ म्हणा.

आधी काय झालंय ते वाचा

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध फुकट वाचायला मिळतात. वृद्धांबद्दल देशपातळीवरचं मोठं सर्वेक्षण म्हणजे ‘लासी’ (लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया). त्याची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, आणि त्यात ४५ वर्षं व त्यापुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती आहे. कुटुंब आरोग्यासाठी ‘एनएफएचएस-५’ म्हणजे पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) पाहा.

आकडा उचलताना तो कुठला आहे हे तपासा. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बहुतेक प्रबंधांच्या पहिल्या पानावर असतं. ते बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तरीही ‘महाराष्ट्रातील मानसिक आजारांचे प्रमाण’ म्हणून तेच आकडे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहेत. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) कुणी विचारत नाही, म्हणून चूक पुढच्या प्रबंधात जशीच्या तशी उतरते.

किती जणांशी बोलायचं?

‘मॅडम, सॅम्पल ३८४ घेऊ ना?’ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मोठ्या लोकसंख्येतून यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) पद्धतीने माणसं निवडली, ९५ टक्के विश्वासपातळी धरली, पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली आणि प्रमाण निम्मं मानलं, की सूत्रातून ३८४ येतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ३८४ उत्तरं गोळा केली तर या आकड्यात काही अर्थ उरत नाही, कारण निवड तुम्ही केलेली नसते. ज्याच्याकडे फोन, रिचार्ज आणि सवड आहे, तोच फॉर्म भरतो. आपल्या उदाहरणातल्या बाईकडे यातली सवड नक्कीच नाही.

माणसं कुठे शोधायची, हा आकड्याइतकाच मोठा प्रश्न आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केल्यानंतर डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, आणि ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचं आढळलं. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांनी फक्त दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या असत्या तर हे चित्र दिसलंच नसतं, कारण यातल्या फार थोड्या बायकांची आधी कधी अशी तपासणी झाली होती. तुमचंही तसंच आहे. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर उभं राहून काळजीवाहू शोधलेत, तर आजारी माणसाला घराबाहेर काढणं ज्यांना परवडतं तेवढेच भेटतील.

माझा सल्ला: तुमचा प्रश्न ‘किती’चा नसून ‘कसं’ आणि ‘का’चा असेल, तर बारा ते पंधरा सखोल मुलाखती घ्या आणि त्या नीट घ्या. तासाभराची मुलाखत ऐकून शब्दशः टंकायला माझ्या विद्यार्थ्यांना पाच-सहा तास लागतात. पंधरा मुलाखतींचे नव्वद तास वेळापत्रकात धरा.

प्रश्नांची भाषा

तयार मापनपट्टी वापरणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा: परवानगी आणि मराठी रूप. पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची पट्टी वापरायला मोफत आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३, एकूण ० ते २७. गुण १० किंवा जास्त आले तर त्या व्यक्तीची पुढे तपासणी व्हावी एवढाच त्याचा अर्थ, ‘नैराश्य आहे’ असा शिक्का तुम्ही मारायचा नाही. काळजीवाहूंचा भार मोजणारी झरिट पट्टी २२ प्रश्नांची आहे आणि तिच्यासाठी हक्कधारकाकडून परवानगी घ्यावी लागते. आधीच तपासलेला मराठी अनुवाद मिळाला तर तोच घ्या. नसेल तर एकाने मराठीत आणावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावं, आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधावा. रात्री बसून स्वतः केलेलं भाषांतर ‘प्रमाणित पट्टी’ म्हणून लिहू नका.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ‘हो’ असं उत्तर आलं तर त्याच दिवशी, त्याच घरी तुम्ही काय करणार, हे लिहून ठेवल्याशिवाय ही पट्टी बाहेर काढू नका.

तुमचे स्वतःचे प्रश्न मात्र लोकांच्या बोलीत हवेत. ‘तुम्हाला ताण जाणवतो का?’ असं विचारलं तर बाई म्हणते, ‘छे हो, घरचंच माणूस आहे.’ विषय तिथेच संपतो. त्याऐवजी विचारा: रात्री किती वेळा उठावं लागतं? माहेरी शेवटचं कधी गेलात? तुम्हाला ताप आला त्या दिवशी त्यांना कुणी पुसलं, भरवलं? मग ती आपणहून सांगते, ‘डोकं नुसतं भणभणतं’, ‘काही सुचत नाही’, ‘जीव नको झालाय’. हे शब्द जसेच्या तसे टिपा. त्यावर ‘ताण’ हे लेबल तुम्ही नंतर लावालच, पण आधी तिने काय म्हटलं ते हाती हवं.

एथिक्स कमिटी

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनाचाही विचार करतात. ‘आम्ही रक्त घेत नाही, नुसतं बोलतो’ म्हणून सुटका नाही. बोलण्यातूनही इजा होते. आराखडा, मराठी प्रश्नावली, मराठी माहितीपत्रक व संमतीपत्र आणि जिथे जाणार त्या संस्थेचं परवानगीपत्र एकत्र जोडून एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला, द्या. प्रश्न, दुरुस्त्या, पुन्हा बैठक असं होणार हे धरून दोन महिने राखून ठेवा. मंजुरीआधी एकही मुलाखत घेऊ नका. आधी घेतलेल्या मुलाखतींना नंतर मंजुरी मिळत नाही.

अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात: ७ ते १२ वयात तोंडी, त्यापुढे सोप्या भाषेत लेखी. आणि मुलांना ‘तू सांगशील ते कुणालाच कळणार नाही’ असं वचन कधी देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पहिल्या प्रबंधासाठी लहान मुलांचा विषय टाळा, असंच मी सांगते.

संमती म्हणजे सही घेणं नव्हे

मी स्वतः विद्यार्थी असताना केलेली चूक सांगते. एका घरात सासू पलंगावर, सून शेजारी जमिनीवर बसलेली. मी फॉर्म पुढे केला, तिने सही केली, आणि मी सासूच्या देखत विचारलं, ‘यांचं सगळं करताना तुम्हाला त्रास होतो का?’ ती ‘नाही’ म्हणाली. मी ‘नाही’वर खूण केली. उठताना सासूच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं, सुनेची मान खाली गेलेली दिसली. ते उत्तर मी प्रबंधात वापरलं नाही, पण तो प्रश्न त्या घरात टाकून मी निघून आले होते.

म्हणून आता पहिली भेट फक्त ओळखीची ठेवायला सांगते. माहितीपत्रक वाचून दाखवा. दुसऱ्या भेटीची वेळ आणि जागा तिला ठरवू द्या: शेजारणीची ओसरी, अंगणवाडी, देवळाची पायरी. वाचता येत नसेल तर अंगठा आणि तटस्थ साक्षीदार. आशाताईंनी घर दाखवावं, मात्र संमती मागताना त्या समोर नसाव्यात, कारण त्यांना ‘नको’ म्हणणं गावात अवघड असतं. ‘यातून काही योजना मिळेल का?’ हे नव्वद टक्के घरांत विचारलं जाईल असं धरूनच चला. उत्तर स्वच्छ द्या: नाही, हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे, आणि नाही म्हणालात तरी तुमचं काही अडणार नाही. हे ऐकून चार जणी माघार घेतील. घेऊ द्या.

रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी मागा.

मुलाखतीचा दिवस

मंजुरी मिळाल्यावर, खऱ्या मुलाखतींच्या आधी दोन-तीन सराव मुलाखती घ्या. अडखळणारे प्रश्न तिथेच कळतात. वेळ दुपारी दोन ते चार बरी, भांडी आवरलेली असतात आणि चहाची गडबड सुरू झालेली नसते. पेरणी-काढणीच्या दिवसांत जाऊ नका.

ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प राहा. पुढचा प्रश्न घाईने टाकू नका. रडू आलं तर रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, थांबायचं का ते विचारा. पुन्हा सुरू करायचं की नाही हे तीच ठरवेल. तुम्ही समुपदेशक म्हणून तिथे गेलेला नाहीत, त्यामुळे सल्ले देत सुटू नका. पण रिकाम्या हातानेही जाऊ नका. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालते. तो क्रमांक आणि जवळच्या मानसोपचार ओपीडीचे वार ठळक अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकीला द्या, रडली असो वा नसो. तिने मरणाचं बोलून दाखवलं तर तिथूनच गाइडना फोन करा आणि तिच्या विश्वासातलं कुणी सोबत आल्याशिवाय निघू नका.

माहिती जपणं

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘५२ वर्षांची, दोन म्हशी, मुलगा पोलिसात’ एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला कळतं. वय ‘पन्नाशीतील’ करा, म्हशी वगळा, नोकरी वगळा. खरी नावं एका वहीत, मुलाखती दुसरीकडे. रेकॉर्डिंग कुटुंबाच्या सामायिक फोनवर नको. आणि मुलाखतीचा मजकूर सारांशासाठी कुठल्याही एआय चॅटमध्ये टाकू नका. संमतीपत्रात त्याचा उल्लेख नव्हता, तर तो अधिकार तुमच्याकडे नाही.

अर्थ लावणं आणि लिहिणं

आकडे असतील तर जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मुलाखतींसाठी ब्रॉन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेल्या सहा टप्प्यांचा आधार घ्या: मजकुराशी ओळख, संकेत (कोड) देणं, सूत्रं (थीम) शोधणं, ती पारखणं, त्यांना नाव देणं, लिहिणं. सूत्र शोधताना तुमच्या प्रश्नांचीच शीर्षकं करू नका. पाच जणी ‘सुट्टी’ हा शब्द हसत वापरत असतील, तर ‘सुट्टी’ हेच सूत्र असू शकतं. सूत्रात न बसणारी सहावी बाई गाळू नका, तिच्यामुळेच विचार पुढे जातो. प्रबंध इंग्रजीत असला तरी उद्गार मराठीत ठेवा, खाली अनुवाद द्या.

यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ते टक्के सजवण्यात दिवस घालवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहिलं की प्रश्न उरत नाही.

परत जा

व्हायवाच्या आधी एक पान मराठीत लिहा: काय विचारलं, काय कळलं, काय करता येईल. बचतगटाच्या बैठकीत किंवा आरोग्य उपकेंद्रात ते वाचून दाखवा, कुणाचंही उदाहरण ओळखू येणार नाही अशा रीतीने. बायका दुरुस्त्या सुचवतील. ‘मदत मिळत नाही असं नाही, मागायची लाज वाटते’ असं कुणी म्हणेल, आणि तुमचं चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. त्यासाठी आठवडाभर हाती ठेवा. परत आल्यावर संमतीपत्रात सांगितलेल्या तारखेला रेकॉर्डिंग पुसा, आणि पुसल्याची नोंद वहीत करून गाइडची सही घ्या.