गेरू, तांदळाचे पीठ आणि मुलांची वारली चित्रे
पालघर भागातील वारली चित्रकला मुलांना लवकर जमते, कारण वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावरच तिची मांडणी उभी असते. जाड पुठ्ठ्यावर गेरूचा हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. तांदळाचे बारीक पीठ थोडा डिंक घालून पाण्यात दाटसर कालवावे आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिचा कुंचला करावा. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की माणसाचे धड तयार होते. पुढे तो माणूस नाचतो की क्रिकेट खेळतो, हे मुलानेच ठरवावे. नमुना गिरवायला लावणे मात्र टाळावे (पालकांना हेच सर्वांत जड जाते). सोसायटीच्या कुंपणभिंतीवर चित्रे काढायची असल्यास समितीची परवानगी घ्यावी, पावसाळा संपू द्यावा आणि पिठाऐवजी बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग वापरावा.