शंखाची मादी ओळखायची कशी? (इम्पोसेक्स, म्हणजे मादीला नराचे अवयव फुटणं, तपासणाऱ्यांसाठी)

एमएस्सी झूलॉजीच्या प्रोजेक्टला 'समुद्राचं प्रदूषण' असला ढगळ विषय मिळालाय आणि खिशात पैसे नाहीत, तर पाण्याची सॅम्पलं लॅबला पाठवायच्या नादाला लागू नका, सरळ खडकावरचे शंख बघा. काम चिकट आहे, वास येतो, पण जमतं.

आधी भानगड काय ती थोडक्यात. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल चिकटू नयेत म्हणून जो रंग लावायचे त्यात ट्रायब्युटिलटिन असायचं, म्हणजे टीबीटी. ते रंगातून हळूहळू पाण्यात उतरतं आणि लिटरमागे एखाददोन नॅनोग्रॅम एवढं जरी असलं तरी काही जातींच्या शंखांत मादीला लिंग फुटतं. चेष्टा नाही, खरंच. टीबीटी शंखाच्या पेशीतल्या आरएक्सआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं आणि तिथून मादीच्या अंगात नराचे अवयव वाढायला लागतात. १९७० मध्ये इंग्लंडात प्लिमथला ब्लेबर यांनी डॉगव्हेल्क नावाच्या शंखात हे पाहिलं, पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ यांनी त्याला इम्पोसेक्स हे नाव दिलं. आपल्याकडे १९९९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी याची नोंद केली, आणि शंख कुठला तर क्रोनिया कोंकणेन्सिस, नावातच कोकण!

नदीतल्या माशांचं जे ऐकता, सांडपाण्यातल्या इस्ट्रोजेनमुळे नराच्या अंगात अंडी सापडतात वगैरे, ते वेगळं. इथे उलटं आहे. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका, व्हायव्हाला तिथेच पकडतात.

आता कामाचं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांबवर जाते, आपल्या किनाऱ्यावर ती पहाटे सहा-सातच्या सुमारास मिळते, तेव्हाच जा. दोन जागा हव्यात, एक बंदराजवळची आणि एक बोटींपासून लांबची, आणि दोन्हीकडे जात एकच. कालवं आणि बार्नॅकल जिथे असतात तिथे त्यांना भोक पाडून खाणारे थाईस गटातले शंख हमखास बसलेले असतात, ते चालतात. जागेमागे तीस-चाळीस पुरे, सगळे पूर्ण वाढलेले आणि साधारण एका मापाचे. वाटेत दिसेल तो सुंदर शंख उचलू नका, काही जाती १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात तर परवानगीशिवाय हातच लावायचा नाही.

घरी आणल्यावर लगेच फोडायला बसू नका. लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड घालून त्यात तासदोन तास ठेवा. शंख गुंगतो, अंग सैल सोडतो, नाहीतर तो आत आखडून बसतो आणि तुमची मापं सगळी खोटी येतात. मग वर्कशॉपमधल्या शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून हळूहळू आवळायचा, कट असा आवाज आला की थांबायचं. हातोडी वापरू नका, आतलं सगळं भरताचं वांगं होतं. कवच काढताना बोटाला पिवळट चिकट रस लागेल, उन्हात तो जांभळा होतो आणि वास लसणासारखा. दोन दिवस जात नाही, ग्लव्हज घाला.

आणि इथेच सगळे चुकतात, मीपण चुकले. उजव्या शिंगाच्या मागे लिंग दिसलं की नर, नाही दिसलं की मादी, असं मी धडाधड लिहीत गेले, तर पहिल्या बॅचमध्ये नरच नर. मॅडमनी वही बघितली आणि एवढंच विचारलं, "अगं, एवढ्या नवऱ्यांना बायका कुठून आणायच्या?" तेव्हा ट्यूब पेटली. लिंगावरून मादी ठरवायचीच नाही. पाठीवरचं पातळ आवरण चिरून बाजूला करा, आत फिकट पिवळी-पांढरी जाड कॅप्सूल ग्लँड (अंड्यांभोवतीची कॅप्सूल बनवणारी ग्रंथी) दिसली आणि तिच्या टोकाशी तपकिरी गाठ दिसली, की ती मादी, मग तिला पुढे काय का फुटलेलं असेना. उलटही होतं बरं, इंग्लंडात केंटमधल्या डम्प्टन गॅपला असे नर सापडले की ज्यांना जन्मतःच लिंग नव्हतं किंवा अगदी खुरटं होतं.

गोनॅडमध्ये (जननग्रंथीत) नारिंगी-पांढऱ्या अळ्यांचा बुजबुजाट दिसला तर तो शंख बाद करा, परजीवींमुळे लिंग आपोआप बारीक होतं.

मग मापं. लेन्सखाली ग्राफ पेपरवर लिंग सरळ करून लांबी घ्या, माद्यांची सरासरी वेगळी, नरांची वेगळी. ज्या मादीला काहीच नाही तिचं शून्य सरासरीत धरायचं, विसरू नका. दोन्ही सरासऱ्यांचा घन करायचा, मादीच्या घनाला नराच्या घनाने भागून शंभरने गुणायचं. म्हणजे मादीची सरासरी १ मिमी आणि नराची ३ मिमी आली तर १ भागिले २७, म्हणजे ३.७ टक्के. याच्या जोडीला मादीच्या अंगात शुक्रवाहिनी (नराची वीर्य नेणारी नळी) कुठवर वाढलीय तेही लिहा, कारण खरा घात तीच करते. ती योनीच्या तोंडाशी पोचून तोंडच बुजवून टाकते, अंड्यांच्या कॅप्सूल आतच साचून काळ्या पडतात, आणि मादी मरते. अशी एक मादी सापडली तरी फोटो काढून ठेवा.

कुणी म्हणेल, टीबीटीवर तर बंदी आली, ब्रिटनमध्ये लहान बोटींना १९८७ मध्ये आणि जगभरच्या जहाजांना २००८ पासून, मग आता काय बघायचं? पण बंदराच्या गाळात ते वर्षानुवर्षं टिकतं, आणि बोटी खरवडताना जुना रंग पाण्यातच जातो. म्हणून पूर्ण वाढलेल्यांतलेही कोवळे आणि म्हातारे शंख वेगळे नोंदवा, मादीला एकदा फुटलेलं सहसा परत जात नाही, त्यामुळे म्हाताऱ्या मादीत जुना काळ दिसतो आणि कोवळीत आत्ताचा.

उरलेले शंख सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि लेबल पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई अल्कोहोल खाऊन टाकतं. माझ्या एका बाटलीवर आता नुसतं 'मा' उरलंय, मादी की मांडवी, मलाच आठवत नाही.